मी लिहिलेलं खोटं कार्ड

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सेलूच्या जरा आत आमचं गाव, आणि कॉलेज वर्ध्याला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वर्ध्यात एका घराच्या मागच्या अंगाला मी खोली घेतली होती. एक खाट, एक पत्र्याची पेटी, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या घराची भिंत. वर्गातली मुलं वकिलांची, मास्तरांची, कारकुनांची. ती वाईट नव्हती. पण माझ्या तोंडून 'मले' निघालं की कोणीतरी हसायचं, म्हणून मी बोलणंच कमी केलं. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी खानावळीत 'आणखी एक पोळी' म्हटलं, तेवढंच त्या दिवसाचं माझं बोलणं.

बोलायचं राहून जाई ते मी लिहायला लागलो. पुस्तकांच्या कपाटातल्या कथा वाचून मला वाटलं, आपल्यालाही हे जमेल. मी तशाच कथा लिहिल्या. माझ्या कथांतली माणसं बंगल्यात राहायची, समुद्रकाठी फिरायची, आणि शेवटी कोणीतरी मरायचं. मी समुद्र पाहिलेला नव्हता, बंगलाही आतून पाहिलेला नव्हता. मरण तेवढं मी पाहिलं होतं, पण ते कथेत घालायचं मला कधी सुचलं नाही.

मराठीच्या सरांना मी भीतभीत वही दिली. त्यांनी आठवड्यानं ती परत केली आणि म्हणाले, "तुमच्या कथांमध्ये सगळं आहे हो. तीन माणसं मरतात, दोघं वेडी होतात. पण एकही माणूस जेवत नाही."

मला नीट कळलं नाही. मी नुसती मान हलवली.

"माणूस मेल्यावर काय उरतं ते बघा," ते म्हणाले. "चपला उरतात. अर्धवट खाल्लेलं उरतं. ते लिहा. वाचणारा आपोआप रडतो."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं.

माझं लिहिलेलं खरं तर एकच माणूस मनापासून वाचायचं. ती माझी मोठी बहीण. तिला आम्ही बाई म्हणायचो. चौथीपर्यंत शिकलेली. पुलगावच्या पलीकडं, नदी ओलांडून, एका खेड्यात तिला दिली होती. मी दर पंधरवड्याला तिला पत्र लिहायचो. खानावळीतल्या वरणाबद्दल, भिंतीबद्दल, सरांच्या छत्रीबद्दल. ती अक्षराला अक्षर लावून ते वाचायची आणि मोठमोठ्या अक्षरांत उत्तर पाठवायची. 'तुह्या पत्रानं मले वर्धा दिसते,' असं तिनं एकदा लिहिलं होतं. ते कार्ड मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो, आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या मोठ्या भावाच्या डोक्यावर कावळा बसला.

तो वावरात वाकून पाणी पीत होता. कावळा आला, डोक्यावर पाय टेकवून उडाला. भाऊ हसत हसत घरी सांगत आला. माय हसली नाही. आमच्याकडं कावळा डोक्याला शिवणं म्हणजे मरणाचा सांगावा. त्यावर उतारा एकच. तो माणूस मेल्याची खोटी खबर रक्ताच्या माणसाकडं पाठवायची. ते माणूस खरोखर रडलं की मरण टळतं. मग खरं काय ते सांगून टाकायचं. सहसा कोणीतरी स्वतः जायचं, खबर द्यायचं, रडणं सुरू झालं की हात वर करून 'कावळ्याचं होय, कावळ्याचं' म्हणायचं, आणि त्याच घरी चहा पिऊन परतायचं.

पण कापसाचा वेचा ऐन भरात होता. जायला कोणाला सवड नव्हती.

माय म्हणाली, "बाईले कार्ड टाकू. आपल्या घरात कालेजातलं पोरगं असून मानूस कायले धाडा?"

"अन् दुसरं कार्ड दोन दिवसानं," भाऊ म्हणाला. "नाई तं जावई तेरवीचं जेवाले येईन."

"तू गप बस गा! मेलेलं मानूस बोलत नसते," माय म्हणाली.

मी ओट्यावर कार्ड घेऊन बसलो. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडतात, तो फाडला. अशा कार्डात एकच ओळ लिहायची असते. अमका अमक्या वेळी वारला, लवकर यावे. मी ती ओळ लिहिली. खाली बरीच जागा उरली. मला सरांचं वाक्य आठवलं, आणि हात थांबला नाही.

मी लिहिलं की, दादा दुपारी बाभळीखाली जेवायला बसला. अर्धीच भाकर खाल्ली, चव लागत नाही म्हणाला. बैलांना पाणी पाजलं का, एवढं विचारून आडवा झाला तो उठला नाही. उरलेली अर्धी भाकर फडक्यात अजून तशीच बांधलेली आहे, ती सोडायला कोणाचा हात होत नाही.

वाचून माझेच डोळे भरून आले. खरं सांगायचं तर मला आनंदही झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगलं लिहिलं होतं. मायला वाचून दाखवलं नाही. सायकलनं सेलूला जाऊन कार्ड पेटीत टाकलं.

दोन दिवसांनी दुसरं कार्ड खिशात घालून मी निघणारच होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. बाई होती. केस मोकळे, कडेवर लहान लेक, पाय धुळीनं भरलेले. भाऊ तेव्हा ओट्यावर बसून पोहे खात होता.

तिनं त्याला पाहिलं आणि ती जागच्या जागी बसली. मग उठून त्याच्या पाठीत बुक्क्या मारायला लागली. "मेल्या! खाऊन राह्यला! खाऊन राह्यला!"

"अवं बाई, मी नाई मेलो. कावळा बसला होता डोक्शावर," भाऊ ताटली सांभाळत म्हणाला.

माय पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. "रडली माही पोरगी. बरं झालं. टळलं."

शेजारच्या बाया जमल्या. सगळ्या हसल्या. थोड्या वेळानं बाईही हसली. तिला चहा दिला. तिनं सांगितलं की, कार्ड आलं तशी ती उठली. रांधलेलं टाकून दिलं, डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि निघाली. पुलगावच्या स्टेशनात बाकावर बसून रडत होती तर अनोळखी बाया पाठीवरून हात फिरवत होत्या.

"तुले समजलं कसं नाई वो?" भावानं विचारलं. "कावळ्याचं कार्ड कोनीबी वळखते."

"सासू मनेच, कावळ्याचं असन. मंग म्या तिले कार्ड वाचून दाखोलं. तं तेही रडाले लागली." मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. "कोनं लिहलं ते?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. भाऊ कौतुकानं म्हणाला, "आपला सायेब. दुसरा कोन?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. बाया गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "एकच वळ लिहली असती तं म्या वळखलं असतं. भाकर काऊन लिहली तुनं?"

मी खिशातलं दुसरं कार्ड चाचपलं.

"आता तुह्यं कार्ड आलं तं म्या काय समजाव?" ती म्हणाली. "मी नाई वाचनार आता तुह्यं."

मला वाटलं, रागात बोलली. पण ते खरं निघालं. वर्ध्याला परत आल्यावर मी तिला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. संक्रांत गेली. जावई एकदा वर्ध्याच्या बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "पत्रं येतात, ते भितीतल्या दिवळीत ठेवते. फोडत नाई." त्या हिवाळ्यात मला कळलं की, मी आजवर वर्ध्यात एकटा नव्हतोच. जे जे दिसे ते तिला सांगायचं म्हणून मी बघत होतो. आता सरांची छत्री दिसली तरी ती नुसती छत्री होती.

त्याच दिवसांत मी त्या कार्डाची कथा केली. नावगाव बदललं. बाभूळ, भाकर, बैल तसेच ठेवले. सरांनी ती कॉलेजच्या वार्षिक अंकात घेतली. वर्गात उभं करून म्हणाले, "बघा, आता यांची माणसं जेवायला लागली." मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलानं त्या दिवशी मला चहाला नेलं. मी खोलीवर आलो, अंक पेटीत ठेवला, आणि झाकण उघडंच ठेवून त्याच्या आतल्या बाजूचं तिचं जुनं कार्ड किती तरी वेळ पाहत बसलो.

परीक्षा संपल्यावर मी गावी न जाता पुलगावला उतरलो. पिशवीत तो अंक होता. नदीला पाणी नव्हतं. वाळूतून चालत मी दुपारी बाईच्या घरी पोचलो. ती मागच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत शेंगा फोडत होती. मला पाहून उठली नाही, पण पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मी बसलो. मीही शेंगा फोडायला लागलो.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर न करता विचारलं, "दादा बैलायले पानी पाजलं काय असं कवा इचारते रे?"

मी थांबलो.

"दादाले बैलायचं काई पडलं नसते. ते कार्ड म्या फाडून टाकलं, पन पाठ झालं ते मले. चार-पाच महिने म्या इचार करून राह्यली, हे बोलनं कोनाचं होय? मंग समजलं. ते बाबाचं होय. होय ना?"

मी हो म्हणालो.

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बाभळीखाली त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. बाईला खबर पोचून ती येईपर्यंत राखही सावडून झाली होती. 'वावरात गेले,' एवढंच तिला सगळ्यांनी सांगितलं. त्याहून जास्त कोणाला ठाऊकच नव्हतं. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"मले कोनी काई सांगतलं नाई," बाई म्हणाली. "अन् तुनं ते दादाच्या नावानं लिहून टाकलं. माह्या बाबाचं मरन तुनं कावळ्याले देऊन टाकलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

"आता सांग," ती म्हणाली.

मी सांगायला लागलो. "त्या दिवशी ऊन फार होतं. बाभळीची सावली जणू..."

"हे तू लिहून राह्यला," ती म्हणाली. "सांग."

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा कुठलं तरी वाक्य आलं, ते मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो. शेंगा फोडणाऱ्या तिच्या हाताकडं बघत मी घरी बोलतो तसं बोलायला लागलो. बाबानं पिकातलं डवरणं थांबवलं. चून-भाकर सोडली. अर्धी खाल्ली, म्हणाले चव नाई लागून राह्यली. बैलायले पानी पाजलं काय म्हणाले. मी हो म्हटलं. मंग ते वावराच्या धुऱ्यावर डोकं ठेवून लेटले.

"मंग?"

"मंग मले वाटलं झोपले."

"मंग?"

हे मी कार्डात लिहिलं नव्हतं, कथेतही नाही. मी आणखी एक शेंग फोडली. तिनं घाई केली नाही.

"मंग म्या ते उरलेली भाकर खाल्ली," मी म्हणालो. "त्याहिच्या जवळ बसून. ते झोपले असं समजून सारी खाल्ली. फडक्यात काई उरलं नव्हतं बाई. फडकं झटकलं तरी ते उठले नाई, तवा मले भेव वाटलं."

तिचे हात थांबले.

"भूक लागली असन तुले," ती म्हणाली.

"हो."

"चून कशाचं होतं?"

"आठवत नाई."

त्यावर तिनं मान हलवली. बहुतेक या 'आठवत नाई'मुळंच तिला बाकीचं पटलं असावं. मी आजही लिहिताना जिथं मला ठाऊक नसतं तिथं थांबतो. ते मी तिथं शिकलो, पण त्या वेळी हे काही कळलं नव्हतं. मला फक्त आपण उघडे पडल्यासारखं वाटत होतं.

ती उठली. पदर तोंडात धरून गोठ्यामागं गेली. आधी काही ऐकू आलं नाही. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, बाया मयताच्या दारात रडतात तशी. "बाबा वो, माह्या बाबा वो," असं ओढून ओढून.

तिची सासू हातात सूप घेऊन घरातून धावत बाहेर आली. "काय झालं बाप्पा? काऊन रडून राह्यली हे? कुठली खबर आली?"

मी उभा राहिलो. माझ्या पिशवीतला अंक अजून तिथंच होता, तो मी नंतरही काढला नाही.

"आमचे बाबा वारले," मी म्हणालो.

म्हातारी माझ्याकडं पाहतच राहिली. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती, हे तिला माहीत होतं. माझी ही दुसरी खबर होती. तिनं गोठ्याच्या दिशेनं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. मग सूप खाली ठेवलं, आणि मयताच्या घरी बसतात तशी माझ्याजवळ येऊन बसली.