चुकीच्या घरी गेलेला पाळणा

पडदा वर जातो तेव्हा दुपार आहे. काचेतून आलेलं ऊन टेबलावर आळसावून पडलंय, पंखा स्वतःशीच पुटपुटतोय आणि खुर्चीत मांडी घालून बसलेल्या बाई पापण्या अर्ध्या मिटून संगणकाकडे पाहताहेत. सगळं ऑफिस त्यांना मावशी म्हणतं. एका ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर त्या अकरा वर्षं सांभाळताहेत.

गिऱ्हाइकाला ताटकळावं लागू नये म्हणून सर्व्हर एकदा मांडलेलं पान साठवून ठेवतो आणि पुढच्याच्या हाती तेच देतो. विशलिस्टचं, म्हणजे मनात धरलेल्या वस्तूंच्या यादीचं, पान तेवढं वगळायचं. ज्याची इच्छा त्याची. मावशींनी ते कधीच वगळलं होतं.

तरी फोन आला. एक आजोबा होते.

"अहो, माझ्या यादीत पाळणा कुठून आला? आमची ही विचारतेय, या वयात हे काय नवीन!"

मावशी खळखळून हसल्या. मग त्यांच्या मनात आलं, कुठेतरी एखादीनं अजून घरीही न सांगता तो पाळणा मनाशी धरला असेल.

साहेब दारात आले. "चहापर्यंत जमलं नाही तर यादीच काढून टाकू. डोक्याला ताप नको."

"लोक वर्षवर्ष एकेक वस्तू जमवतात तिथे, साहेब."

"घेत तर काहीच नाहीत!"

"तुम्ही रोज ती लाल गाडी बघता. घेतलीत?"

साहेब पुटपुटत गेले.

मावशींनी डोळे मिटले आणि गिऱ्हाईक होऊन त्या दुकानात शिरल्या. शिरता शिरताच थबकल्या. पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात 'तुमच्या मनातलं' ही पट्टी होती, यादीतल्या तीन वस्तूंची. गेल्या आठवड्यात मावशींनी स्वतःच हौसेनं मागून घेतलेली! खोलीला कुलूप लावलं आणि दागिने ओसरीवर मांडले, असं झालं होतं. पहिलं पान साठवलं जात होतं, पट्टीसकट.

यादी करणाऱ्याच्या ब्राउझरजवळ त्या यादीची खूण असते. मावशींनी नियम लिहिला: खूण दिसली की साठवलेलं पान द्यायचं नाही, ताजं मांडायचं आणि ते साठवायचंही नाही. मग जुनी साठवण पुसून टाकली. चहा आला, तेव्हा साहेबांनी स्वतः चार वेळा पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे यादी."

मावशींनी आजोबांना फोन लावला.

"गेला हो पाळणा! माझी आरामखुर्ची परत आली." आजोबांनी आवाज खाली आणला. "पण ताई, होता कुणाचा?"

ऊन आता मावशींच्या हातावर आलं होतं.

"मी पाहिलं नाही, आजोबा. आणि तुम्हीही कुठे बोलू नका. तिचं तिला सांगू दे."