कुणालाही जमतील अशी बटणं

माझे थोरले दीर, घरात सगळ्यांचे दादा, तसे हेकटच. सभागृहाच्या मागच्या उंच खोलीत बसून त्यांनी अठ्ठावीस वर्षं नाटकांना उजेड दिला. दहाही बोटं दिव्यांच्या सरकत्या दांड्यांवर असायची आणि कुणी चहा घेऊन गेलं तरी मान वळायची नाही. नटाने वाक्य खाल्लं की दादांना ते नटाच्या आधी कळायचं. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, त्याच सभागृहाचा व्यवस्थापक आणि मी तिकीटखिडकीवर. घर काय नि काम काय, तीच तीन तोंडं.

मागच्या वर्षी दिव्यांसाठी आणि पडद्यावर चित्रं टाकण्यासाठी मिळून एकच सॉफ्टवेअर आलं. त्याच्यासोबत हातभर रुंद टचस्क्रीन. त्यावर हवी तशी बटणं आपणच मांडायची. नवऱ्याने दादांना गळ घातली. तुझे गुडघे कुरकुरतात, लोखंडी जिना चढवत नाही, एकदा हे मांडून ठेव म्हणजे खाली शेवटच्या रांगेत आरामात बसून काम करशील. दादा विरघळले. धाकट्याला आपली काळजी आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तीन महिने ते त्या स्क्रीनला चिकटून होते. प्रत्येक नाटकाचं वेगळं पान. कुठल्या बटणाने कुठले दिवे किती वेळात उजळतील, मागचं चित्र कधी विरेल, सगळं सेकंदात मोजून भरलेलं. नेहमीची बटणं अंगठ्याच्या टप्प्यात, काळोखाचं मात्र दूर कोपऱ्यात, चुकून हात लागू नये म्हणून. नावं त्यांनी आपल्या स्वभावाला शोभतील अशी दिली होती: ‘म्हातारा खोकतो’, ‘सासू वळली’, ‘थांब जरा’. नवरा म्हणाला, असलं कुणाला कळणार, सरळ लिही. मग ‘थांब जरा’चं ‘निळा उजेड, हळू’ झालं. त्याच्याच सांगण्यावरून प्रत्येक पानाखाली एक लाल बटणही बसलं, ‘चुकलं तर हे दाबा’.

नव्या माणसाला कळतंय का ते बघायला नवऱ्याने मला शेजारी बसवलं होतं. मला सगळं कळायचं. दादा खूश व्हायचे आणि मीही, मोठी शहाणी, फुशारून जायची. अठ्ठावीस वर्षांत न चुकलेल्या माणसाला ते लाल बटण कशाला हवं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

नव्या बटणांवरच्या पहिल्या, दुपारच्या प्रयोगाला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेव्हा शेवटच्या रांगेत स्क्रीनपुढे मी बसले होते. यापुढे दिवेही तूच बघायचे, असं नवऱ्याने मला अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. दिवेवाल्याची जागाच रद्द होणार, हे त्याला बटणं मांडायला घेण्याआधीपासून ठाऊक होतं. सांगायला जीभ रेटली नाही, एवढंच त्याचं म्हणणं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापला कुणाचा, तर सख्ख्या भावाचा.

दादांनी आवाज चढवला नाही. वाकून स्क्रीनची चमक जरा कमी केली, कारण ती शेजारी येऊन बसलेल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येत होती. मग नवऱ्याला म्हणाले, “आधी सांगितलं असतंस तरी करून दिलं असतं रे. तू मागितलं असतंस म्हणून. गुडघ्यांचं कशाला काढलंस?”

नवरा घड्याळ बघत राहिला. दादा कडेकडेने, खुर्च्यांना धरत दाराकडे निघाले. त्यांना वेळ लागत होता.

प्रयोग एकही चूक न होता पार पडला. नवऱ्याची मला लाज वाटली, अजून वाटते, आणि मी ती त्याच्या तोंडावर बोलून दाखवते. त्यावर तो एकदाच म्हणाला, तू तरी कुठे उठलीस? खरं आहे. दादा दारापर्यंतही पोचले नव्हते आणि मी पहिलं बटण दाबलं होतं.