बेंच उचलणारी तुकडी

दहावीला फर्स्ट क्लास मिळवून मी आर्ट्सला गेलो, तेव्हा कागलात आमच्या गल्लीतली माणसं आईला हळू आवाजात विचारायची, "पोराचं काय बिनसलं?" वडील पंचायत समितीत क्लार्क होते. त्यांनी माझं सायन्स ठरवून टाकलं होतं, कोल्हापूरच्या राजारामपुरीतला क्लाससुद्धा बघून ठेवला होता. मला इतिहास शिकायचा होता. मी हट्ट सोडला नाही आणि त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर आईमार्फत सांगायचे.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कोल्हापुरातल्या मुलांच्या एका हायस्कूलला जोडून ज्युनियर कॉलेज होतं, तिथं मी अकरावीला जायला लागलो. सायन्सचे वर्ग वरच्या मजल्यावर, कॉमर्सचे मधल्या. आमची खोली खाली, सायकल स्टँडला चिकटून. वर्गात बहुतेक मुलं खेड्यातली. माझ्या बाकावर मुरगूडकडचा एक दांडगा मुलगा बसायचा. त्याला भूगोलाचं वेड होतं. नकाशा काढायला बसला की जेवण विसरायचा.

शाळेत आमची ओळख मात्र एकच होती. परीक्षा आली की बेंच हलवायचे, गॅदरिंग आलं की स्टेज बांधायचं, पाहुणे आले की सतरंज्या पसरायच्या. शिपाई दारात उभा राहून सरांना म्हणायचा, "आर्ट्सची पोरं द्या." खडू मागावेत तसं. आणि तास अर्धवट टाकून आम्ही निघायचो.

तर्कशास्त्राला आमच्याकडं एक तरुण सर होते, तासिका तत्त्वावर, वर्षापुरते नेमलेले. साध्या वाक्यातली खोट कशी पकडायची ते शिकवायचे. "कोण बोललं ते सोडा, काय बोललं ते बघा," असं म्हणायचे. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची पोरंही जागी असायची.

जानेवारीत त्यांचा तास रंगात आला होता आणि पर्यवेक्षक स्वतः दारात आले.

"चला रे, उठा. वरचे बेंच खाली आणायचेत. सायन्सची प्रॅक्टिकल तोंडावर आलीत."

मी उभा राहिलो. "सर, आमचा तास चालू हाय."

"तुमचा कसला तास?"

आमचे सर म्हणाले, "तास झाला की पाठवतो त्यांना."

"तुम्ही मधे पडू नका," पर्यवेक्षक म्हणाले.

हे ऐकलं आणि माझं डोकं तापलं. मी खाली बसलो आणि पुस्तक उघडलं. मुरगूडचा मुलगा बाकावर दोन्ही कोपरं टेकून समोर बघत राहिला. मग कुणीच उठलं नाही. पर्यवेक्षकांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली. "उद्या वडिलांना घेऊन यायचं. तोवर वर्गात पाय ठेवायचा नाही."

घरी गेल्यावर मला वडिलांशी बोलावंच लागलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बेंच उचलून हात झिजत हुते काय तुझे?"

"हात झिजत न्हाईत. पण दरवेळी आमीच का?"

ते उठून हातपाय धुवायला गेले. सकाळी एसटीनं आम्ही दोघं कोल्हापूरला निघालो. ते मला माफी मागायला लावणार, याची मला खात्री होती. आणि मी मागणार नव्हतो.

प्राचार्यांच्या खोलीत पर्यवेक्षकांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "शाळेचं काम म्हणजे आपलंच काम. खरं की नाही?"

"व्हय, आपलंच," वडील म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सायन्सची पोरं कधी उचलत्यात?"

प्राचार्य म्हणाले, "त्यांना अभ्यास जास्त असतो."

"साहेब, माझं वडील गावाची ओझी वाहायचं. बोलावलं की जायाचं, सांगतील तिथं टाकायचं. तुला दुसरं काय काम हाय का, असं कुणी इचारलं न्हाय. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते सोडलं आणि मला शाळेत घातलं. ह्यानं आर्ट्स घेतलं, ते मला आजून पटलेलं न्हाय. पण ह्या गोष्टीची माफी तो मागणार न्हाय."

आवाज त्यांनी जराही चढवला नव्हता. आजोबांचं ते काम मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. प्राचार्य मला म्हणाले, "जा वर्गात."

जाहीर असं कुणी काही केलं नाही. पण त्यानंतर शिपाई तिन्ही मजल्यांवरून पोरं बोलवायला लागला. सायन्सवाले कुरकुरत जिन्यानं बेंच उतरवायचे. आम्हीही आमच्या वाटणीचे उचलायचो.

त्याची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली. जूनमध्ये आमच्या सरांना पुन्हा बोलावलं नाही. तर्कशास्त्राला मुलं कमी आहेत, विषय बदलून घ्या, असं आम्हाला सांगितलं. आम्ही प्राचार्यांकडं गेलो आणि बदलणार नाही म्हणालो.

"शिकवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आमचं आमी बघतो."

सर तेव्हा एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या भाड्याच्या खोलीत जागा एवढी कमी की दोघं-तिघं कायम उंबऱ्यावर बसायचे. वर्षभर आम्ही तिथं शिकलो. बोर्डाच्या परीक्षेला आमच्या हायस्कूलमधून तर्कशास्त्राचा पेपर लिहिणारे आम्हीच तेवढे होतो, आणि आमच्यातला एकही नापास झाला नाही.