करवतीचा दगड

चौऱ्याहत्तर साली मी सीताबर्डीच्या एका कचेरीत कारकून होतो आणि इंग्रजी चांगलं येतं म्हणून नाक वर करून हिंडत होतो. रविवारी सायकल काढायची आणि जुनी चर्चं, पडके बंगले, गोऱ्यांच्या कबरी पाहत फिरायचं, हे माझं खूळ. त्या खुळापायीच लहानू पराते भेटला.

तलावाकाठच्या एका चर्चचं छप्पर कधीच खाली आलं होतं. उरलेल्या भिंती आणि मागची दफनभूमी लहानू राखायचा. जातीचा कोष्टी. हातमाग बंद पडला तेव्हा पाद्र्यानं त्याला हे झाडलोटीचं काम दिलं. बोलायचा कमी, पण दगडावरून हात फिरवायचा तो कापडाचा पोत पाहावा तसा.

कुंपणालगतच्या एका बुटक्या दगडावर हिरव्या बांगड्या असत. त्याची बायको प्रयागबाई दर रविवारी तिथे येऊन बसे. मी विचारलं तेव्हा लहानूनं सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी चार वर्षांची होऊन गोवरानं गेली. रीतीप्रमाणे तिला तलावाकाठी पुरलं. पुढे तिथूनच रस्ता गेला, खूणही उरली नाही. प्रयागबाई वेड्यासारखी रस्त्यावर जाऊन बसू लागली. मग लहानूला हा दगड दिसला.

"काठाले करवत हाय, पाहा," तो म्हणाला. दगडाच्या कडेनं दाते कोरले होते, नागपुरी लुगड्याच्या किनारीला असतात तसेच. "आमच्या मागावर करवत बाईच्या लुगड्यालेच. दगड बी लहानसा. म्हणजे पोरगीच असन. मी हिले म्हटलं, आता हेच आपली पोरगी वं."

अकरा वर्षं त्या दगडाचे लाड चालले होते. एका रविवारी प्रयागबाई मला म्हणाली, "बाबूजी, तुमाले इंग्रजी येते. नाव तेवढं वाचून द्या न. लेकराले हाक काय मारू?"

अक्षरं मातीत गेली होती. लहानूनं भोवतालची माती उकरली, तसा तो बुटका दगड चांगला कंबरेएवढा निघाला. तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण इंग्रजी दाखवायची संधी! रुमालानं अक्षरं पुसून मी घडाघडा वाचलं आणि वर मराठीत अर्थही सांगितला: तोफखान्यातला शिपाई, वय बावीस, तलावात पोहताना बुडून मेला.

लहानू मला डोळ्यांनी थांबवत होता, हे नंतर आठवलं. मेरी म्हणालो असतो, रोझी म्हणालो असतो, कोण तपासायला येणार होतं? बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. आजही स्वतःची चीड येते.

प्रयागबाई रडली नाही. तिनं बांगड्या एकेक करून उचलल्या, पदराच्या टोकात बांधल्या आणि उठताना दगडाकडे पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

पुढच्या रविवारी ती तिथे नव्हती. "कुठं आहे?" मी विचारलं.

"रस्त्यावर बसून राहिली," लहानू म्हणाला. झाडू थांबवला नाही त्यानं.

मी गेलो. डांबराच्या कडेला ती उकिडवी बसली होती. बाजूनं ट्रक जात होते. मला पाहून तिनं जरा सरकून जागा दिली आणि समोरच्या काळ्या रस्त्यावर बोट ठेवलं.

"बाबूजी, इथलं बी वाचून द्या न."