सोळाव्या तासाची नोंद

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या, त्यातली शेवटची बारा मुख्य नर्स. हाताखालच्या पोरी त्यांना पाठीमागे हवालदार म्हणायच्या. लग्नानंतर आठवड्याभरात मला हे कळलं आणि न बघितलेल्या त्या पोरींबद्दल एकदम माया वाटली.

निवृत्त झाल्या तरी त्यांची ड्युटी सुटली नाही. भाजी आणायला निघाल्या तरी, वॉर्डात पाळी बदलताना देतात तशी, मला हँडओव्हर द्यायच्या. "डावा गॅस चालू, दूध वर, सव्वाअकराला बंद. टाकी अर्धी." नुसतं हो म्हणून भागायचं नाही, परत म्हणून दाखवावं लागायचं. सासरे कसे गेले हे सांगतानासुद्धा त्या "दोन चाळीसला गेले" एवढंच सांगतात. नवरा म्हणायचा, स्वभाव आहे तिचा, मनावर घेऊ नकोस. त्याचं काय जातंय म्हणायला! तो सकाळी आठला घराबाहेर पडायचा, डोक्यावर मिरे वाटले जायचे ते माझ्या.

बाळंतपण कुठे करायचं ते त्यांनीच ठरवलं, त्यांच्या जुन्या हॉस्पिटलात. सोमवारी दुपारी चारला मुलगी झाली. मला वॉर्डात आणेपर्यंत त्या खाटेशी स्टूल टाकून तयार होत्या, मांडीवर डायरी. नर्सा यायच्या, सासूबाईंना चहा द्यायच्या आणि माझी चौकशी त्यांच्याकडे करून निघून जायच्या. माझ्या बाळाचा चार्टसुद्धा त्यांच्या डायरीवरून भरला जायचा.

मग शिकवणी सुरू झाली.

"पोट केवढं असतं माहितेय का? चमचाभर मावेल एवढं. चीक थोडाच येतो आणि तेवढाच पुरतो. रडली की वरचं दूध, असले लाड चालणार नाहीत."

"हो."

"तुझ्या पोटात असताना तिनं जे गिळलं ते सगळं आतड्यात साठलंय. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट. चोवीस तासांत व्हायलाच हवी. मग दूध उतरलं की हिरवट, मग पिवळी. आतडं नवीन आहे, त्याला ढकलायची सवय लागायचीय. शी झाल्याशिवाय मी घरी जाऊ देणार नाही."

दर तासाला त्या डायपर उघडून बघायच्या. मला टाके होते, डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, आणि माझ्या मुलीच्या ढुंगणापलीकडे त्यांना जगात काही दिसत नव्हतं. मला एकदा तरी कसं वाटतंय ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते. विचारलं ते एवढंच, "तुला लघवी झाली का?"

मंगळवारी सकाळी सातला त्या आंघोळीला घरी गेल्या आणि नऊला परत आल्या. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "शी?"

"झाली. आठला."

"रंग?"

"काळी. डांबरासारखी."

"डायपर कुठंय?"

"मावशींनी कचऱ्यात नेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डायरीत लिहिलं, सोळावा तास. हँडओव्हर देणाऱ्यावर अविश्वास दाखवायचा नसतो, नाहीतर वॉर्ड चालत नाही, हे त्यांचंच वाक्य होतं. शी झालेली नव्हती. मला घरी जायचं होतं, बस. तिथे निदान माझ्या खोलीला कडी होती. आणि शी काय, आज नाही तर उद्या होईल, कुठल्या बाळाला होत नाही, असं मी मनाशी म्हटलं. त्या हवालदाराला फसवलं याचा मला आनंदही झाला होता. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी आम्हाला सोडलं. घरी मी कडी लावून घेतली. बुधवारी सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ, दाराबाहेरून प्रश्न यायचा आणि मी आतून उत्तर द्यायचे. काळी. काळी, थोडी. आता हिरवट. त्यांनीच शिकवलेले रंग, त्यांनीच शिकवलेल्या क्रमानं. डायपर फक्त ओलं असायचं. ते मी पिशवीत बांधून नवऱ्याच्या हाती बाहेर पाठवायचे.

बुधवारी संध्याकाळपासून मुलगी नीट पिईना. मी दार उघडून तिला त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात चोळून गरम केला, तिच्या पोटावर ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पोट ताणलंय. पण शी होतेय ना तिला?" असं म्हणून त्या थांबल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. चार वेळा खोटं बोलल्यावर पाचव्यांदा खरं कसं बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी मान हलवली. "मग वारा असेल," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण स्वतःलाच समजावल्यासारखं.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला मुलीला उलटी झाली, गर्द हिरवी. सासूबाईंनी दुपट्यावरचा तो डाग बघितला आणि चपला घातल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पोट ठोकून बघितलं. "पहिली शी कधी झाली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी डायरी उघडली. "सोळाव्या तासाला. काळी. मग दोनदा. काल संध्याकाळी हिरवट."

"म्हणजे खालची वाट मोकळी आहे," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "मग खालून तपासायला नको. जंतुसंसर्ग धरून औषध सुरू करू आणि वरच्या बाजूचे फोटो काढू." एकतीस वर्षांच्या नर्सच्या नोंदीवर कोण शंका घेणार?

"ते खोटं आहे," मी म्हणाले. "एकदाही झाली नाही. मी खोटं सांगितलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी डायरी मिटली आणि डॉक्टरांना सांगितलं, "अडुसष्ट तास. शी नाही. पोट फुगलेलं, हिरवी उलटी एक. आधीचं काही धरू नका." आवाज जराही हलला नाही.

लगेच खालून बारीक नळी घातली. काळा मळ आणि वारा असा काही सुटला की खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. नंतर आतड्याचा बारीक तुकडा तपासून डॉक्टरांनी समजावलं, पोटात वाढताना नसांच्या पेशी आतड्यात वरून खाली उतरत येतात, हिच्यात त्या शेवटच्या चार बोटांआधीच थांबल्या. तेवढा भाग ढकलायला कधीच शिकला नसता. ऑपरेशन करून तो काढला. अजून एक दिवस गेला असता तर आतडं फुटलं असतं, असं ते म्हणाले, आणि सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघितली. महिनाभर, वर्षभर. ओरडल्या असत्या तर मीही तोंड सोडलं असतं, मोकळी झाले असते. त्यांनी ब्र काढला नाही. गॅसची, दुधाची हँडओव्हर मात्र मला देणं बंद झालं. आता बाहेर जाताना त्या गॅस स्वतः बंद करून जातात. मला त्या बाईचा अजून राग येतो, पण बोलायला तोंड कुठे उरलंय?

मुलगी आता तीन वर्षांची आहे, खाते-पिते, धावते. परवा तिचं पोट बिघडलं. सासूबाईंनी विचारलं आणि मी म्हणाले, "सकाळपासून दोनदा झाली, पातळ."

त्यांनी ऐकलं. मग गुडघे दाबत मुलीसमोर खाली बसल्या. "किती वेळा गेलीस?"

"आई सांगते ना," मुलगी म्हणाली.

"आईचं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू सांग."