यॉर्कच्या तीन रात्री

‘बाथ नको,’ साळुंकेकाका म्हणाले. ‘कुंडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या किल्ल्यावर सूरजकुंड आहे की.’

मी बाथ शहराचं, तिथल्या रोमन स्नानकुंडांचं ब्रोशर बाजूला सरकवलं. ‘मग ऑक्सफर्ड?’

‘तिथे काय आहे?’

‘जुनी कॉलेजं आहेत. फार सुंदर इमारती.’

‘या वयात ॲडमिशन घेऊ का मी?’

‘बरं, केंब्रिज. तिथे कॉलेजं आहेतच, शिवाय नदी आहे. होडीतून फिरवतात.’

‘मॅडम, इरिगेशनमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केली. पाणी पुष्कळ बघून झालं.’

शेजारी काकू मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. मी मनातल्या मनात दहा आकडे मोजले. बावीस वर्षं ट्रॅव्हल एजन्सीत काढली, की दहा आकडे मोजणं आपोआप जमतं.

आमचं ऑफिस ग्वाल्हेरला नया बाजारात आहे. किला गेट भागातल्या रिटायर्ड मंडळींचा साळुंकेकाकांचा ग्रुप आमच्यातर्फे लंडनला निघाला होता. अकरा जण, चार दिवस. बाकीचे नऊ जण लंडनहूनच परतणार होते. काकाकाकूंना पुढे तीन दिवस इंग्लंडमधलंच एखादं छोटं शहर बघायचं होतं. अट एकच, दगदग नको. लोकांना वाटतं, आमचं काम तिकिटं काढायचं. खरं काम हे असतं. माणूस म्हणतो, ‘तुम्हीच सांगा कुठे जायचं,’ आणि आपण सांगितलं की म्हणतो, ‘छे, तिथे नको.’

यॉर्क मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्याचं कारण आदल्या दिवशीचा काकूंचा फोन. ‘वैशाली, यॉर्क जमतं का बघ. पण माझं नाव घेऊ नकोस हं.’ का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बायकांची एवढीशी हौस असते, ती नवऱ्याच्या तोंडून वदवून घ्यावी लागते. यात मी एक्स्पर्ट आहे. आधी तीन शहरं नाकारू द्यायची, मग चौथं पुढे करायचं.

‘शेवटचं यॉर्क,’ मी म्हणाले. ‘लंडनहून थेट ट्रेन आहे, दोन तास. जुन्या शहराला तटबंदी आहे. तिच्यावरून चालत फिरता येतं. एक प्रचंड मोठं चर्च आहे, रेल्वेचं म्युझियम आहे, शिवाय...’

‘झालं. यॉर्क पक्कं,’ काका म्हणाले.

माझं अजून निम्मं सांगायचं राहिलं होतं! काकूंनी पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. मला वाटलं, वा वैशालीबाई, मानलं तुम्हाला. दिवसभर मी स्वतःवर भारी खूश होते.

पुढच्या आठवड्यात व्हिसाचे फॉर्म भरायला घेतले. यूकेचा व्हिजिटर व्हिसा म्हणजे लांबलचक ऑनलाइन फॉर्म. तो भरला की दिल्लीला व्हिसा सेंटरमध्ये जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. त्याला आम्ही बायोमेट्रिक म्हणतो. त्याची वेळ आधी ठरवावी लागते, तो स्लॉट. अकराही जणांचे स्लॉट एकाच दिवशी मिळाले होते आणि माझ्याकडे फॉर्म भरायला दोन दिवस होते. नवव्या फॉर्मपर्यंत माझं मशीन झालं होतं. काकाकाकूंचे फॉर्म शेवटी आले. ते समोर येऊन बसायच्या आतच मी काकांच्या अर्ध्या उत्तरांवर टिक करून टाकली होती. यूकेमध्ये कुणी नातेवाईक आहेत का? नाही. बाकी नऊ जणांचंही ‘नाही’च होतं.

आमचे मालक गुप्ताजी चहाचा ग्लास घेऊन मागून चालले होते. ते स्क्रीनकडे बघत थांबले.

‘वैशाली जी, पढ़ के सुनाया?’

‘सर, सबका नो ही है.’

‘इनसे पूछा?’

गुप्ताजींचा हा एक नियम आहे. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न क्लायंटला वाचून दाखवायचा, उत्तर त्याच्या तोंडून घ्यायचं, मग टिक करायची. त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेली ही पहिली गोष्ट. मला तेव्हा त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! इथे श्वास घ्यायला फुरसत नाही आणि हे मास्तरकी करतायत. तोंड वाकडं करून मी स्क्रीन काकाकाकूंकडे वळवली आणि प्रश्न मराठीत वाचला.

‘तुमचे कुणी जवळचे नातेवाईक यूकेमध्ये राहतात का? आईवडील, भाऊबहीण, मुलं...’

‘नाही,’ काका म्हणाले. फार पटकन म्हणाले.

काकू पासपोर्टच्या झेरॉक्स लावत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं, की उत्तर ‘नाही’ नाहीये.

अशा वेळी ‘काका, खरं सांगा’ असं म्हणून चालत नाही. माणूस हट्टाला पेटतो. आम्ही कायद्याचा आवाज काढतो.

‘काका, हे नीट ऐका. उत्तर खोटं निघालं तर नुसता व्हिसा नाकारत नाहीत. दहा वर्षं बंदी घालू शकतात.’

‘दहा वर्षं?’

‘हो.’

काकूंकडे न बघता काकांनी विचारलं, ‘हिलाही?’

‘काकूंच्या फॉर्मवरही हाच प्रश्न आहे. त्यांचंही ‘नाही’च लिहू का?’

‘माझ्या फॉर्मवर ‘हो’ लिही, वैशाली,’ काकू म्हणाल्या. ‘मी दहा वर्षं थांबू शकत नाही. मुलगी आहे मला. अश्विनी. लीड्सला असते.’

मला त्या घरी मुलगी आहे हेच ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी अश्विनीने तिकडच्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं आणि मग फोनवर कळवलं. त्या दिवसापासून काका तिच्याशी बोलले नव्हते. घरात तिचं नाव निघालं की उठून गच्चीवर जायचे. काकू चोरून फोन करायच्या. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. रडल्या नाहीत. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आमच्या ऑफिसात गच्ची नव्हती, नाहीतर नक्की गेले असते.

मी काकूंचं उत्तर ‘हो’ केलं. नाव, नातं, तिचा तिथला व्हिसा, सगळं लिहिलं. पत्ता मी माझ्या फाइलसाठी नेहमी घेऊन ठेवते, तो विचारला.

‘थांब हं, फोनमध्ये आहे,’ म्हणून काकू पर्समध्ये चष्मा शोधायला लागल्या. फोन सापडला तर चष्मा सापडेना.

काकांनी कॅलेंडरवरची नजर हलवली नाही. त्यांनी पत्ता सांगायला सुरुवात केली. घर नंबर, रस्ता, लीड्स. शेवटचा पोस्टकोडसुद्धा, एकेक अक्षर आणि आकडा सुटा करून, शाळेतल्या पोराने पाढा म्हणावा तसा.

काकूंचा हात पर्समध्येच राहिला. ‘तुम्हाला कसं माहीत? तुमच्या वाढदिवसाला तिचं कार्ड येतं, तर ते पाकीट तुम्ही उघडतसुद्धा नाही!’

‘पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं,’ काका म्हणाले. ‘तेवढं तर न उघडताही दिसतं ना?’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी नकाशा उघडला आणि लीड्स शोधलं. यॉर्कहून ट्रेनने अर्धा तासही नाही. आता माझी ट्यूब पेटली. काकूंनी मला फोन करून यॉर्क घ्यायला लावलं होतं. आणि काका बाथ, ऑक्सफर्ड, केंब्रिज उडवून लावत बसले होते ते मी यॉर्कचं नाव काढण्याची वाट बघत! दोघंही एकमेकांपासून लपवून एकाच शहरावर टपून बसले होते. माझं कौशल्य गेलं चुलीत.

‘काका, यॉर्क लीड्सच्या जवळ आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?’

‘मला तटबंदी बघायची आहे.’

‘बरं. मग तुमच्या फॉर्मवर काय लिहू?’

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. ‘आता कायदाच आहे म्हटल्यावर काय करणार? ‘हो’ लिहा.’

मग कव्हर लेटर केलं. आम्ही का आणि कुठे चाललोय, हे सांगणारं पत्र अर्जासोबत जोडतात. काकांनी ते दोनदा वाचलं आणि एकच दुरुस्ती सुचवली. आधी तटबंदी लिहा, मुलीची भेट नंतर. मी लिहिलं. काकू खाली मान घालून हसत होत्या.

ते गेल्यावर मी गुप्ताजींच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ हात जोडले. ‘सर, आज आपने बचा लिया.’ ते म्हणाले, ‘किसको?’ मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बढ़िया. अब काकी वाला फॉर्म भी पूरा पढ़ के सुना देना.’ असा हा माणूस. पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या एका टिकने त्या मायलेकींच्या मध्ये दहा वर्षं उभी राहिली असती आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता. तो प्रश्न ज्या कुणा अनोळखी साहेबाने फॉर्मवर टाकला, त्याचेही मी मनापासून आभार मानते. चार वर्षांत जे काकांना स्वतःहून म्हणता येत नव्हतं, ते त्याने सरकारी कामाच्या नावाखाली म्हणवून घेतलं.

अकराही व्हिसे आले. ग्रुप गेला, परतला. त्यानंतर पाच दिवसांनी काका ऑफिसच्या दारात उभे. चेहरा लाल. मागे काकू.

‘मॅडम, तीन रात्रींचं हॉटेल बुक करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’

‘काका, तुम्हीच सांगितलं होतंत. यॉर्क, तीन रात्री.’

‘एकच रात्र राहिलो आम्ही! दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी हजर हॉटेलवर. जावई स्वतः बॅगा उचलून घेऊन गेला. दोन रात्री हॉटेल रिकामं. तुम्हाला मी लीड्सचा पत्ता दिला होता की नाही? मग थोडा विचार नको करायला?’

जावई. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी हळूच मान हलवली. बावीस वर्षांत मी खूप तक्रारी ऐकल्यात, पण कुठल्या तक्रारीने मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी कान पकडले, चूक कबूल केली, चहा मागवला.

‘आणि तटबंदी कशी आहे?’ मी विचारलं.

‘कसली तटबंदी?’ काका म्हणाले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. प्रश्न वाचून दाखवते, कितीही घाई असो. आणि फाइलमध्ये मुलीचा पत्ता असला, की हॉटेल रद्द करता येईल असंच घेते.