राजीखुशीची सही

आमच्या घराण्यात कायद्याचं पुस्तक कोणी उघडलेलं नाही, पण कायदा मात्र सगळ्यांना तोंडपाठ. वडिलांच्या तेराव्याला पंगत उठायच्या आत मला याचा प्रत्यय आला. बडोद्याच्या मकरपुरा रोडवरचं आमचं टेनामेंट, म्हणजे ओळीतलं बैठं घर, त्यांनी कारखान्याच्या पगारातून घेतलेलं, त्यांच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेल्या मामांनी निकाल दिला, सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून मुलाचं नाव आहे, तेव्हा घर मुलाचं. एक काका म्हणाले, लग्न झालेल्या मुलीचा माहेरात हक असतो कुठे? आणखी एकाने शोध लावला की वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, ज्याच्या नावाने येतं तोच मालक. उचलली जीभ लावली टाळ्याला. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, तिला कोणी काही विचारलं नाही.

मी पंचवीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आहे. नॉमिनी फक्त सांभाळणारा असतो, मालक नव्हे, आणि मृत्युपत्र नसेल तर बापाच्या स्वकष्टाच्या घरात विधवा, मुलगा, मुलगी यांचा सारखा वाटा, हे मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी जागेपणी सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे सगळं पुस्तकात ठीक आहे.

दादा दांडिया बाजारातल्या एका वकिलाकडे गेला. वकिलाने पैसे घेऊन तेच सांगितलं जे मी फुकट सांगितलं होतं, तेव्हा कुठे ते खरं झालं. पण वकिलाने उपायही दिला होता: हक कमी. वारसाने आपला वाटा दुसऱ्या वारसाला लिहून द्यायचा आणि तो दस्त सरकारी कचेरीत नोंदवायचा, याला इकडे हक कमी म्हणतात. बहुतेक घरांत तो बहिणीचाच कमी होतो. भावाने कमी करून घेतल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

दादा नंदेसरीला एका केमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. टेनामेंट विकून भायलीकडे मोठा फ्लॅट घ्यायचा, आईला तिथे न्यायचं, असा त्याचा बेत. वहिनीने मला रंगीत माहितीपत्रक दाखवलं. आईची खोली तिने बोटाने दाखवली, देवघराशेजारी, हवेशीर वगैरे. नकाशात त्या चौकोनावर ‘स्टोअर’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि पत्रक घडी घालून तिला परत दिलं.

आईला ते घर सोडायचं नव्हतं. तिने मला तसं सरळ सांगितलं होतं. पाठीमागच्या ओट्यावर सकाळी चहा प्यायचा, शेजारणीशी गुजराती भांडण मराठी शिव्या घालून करायचं, आणि मरायचं ते तिथेच, एवढंच तिचं मागणं होतं. दादाचं म्हणणं, तीन नावं असली की विकताना कटकट होते. तू तुझी सही कर, आईचं मी बघतो.

आणि मी सही केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेला सुट्टी होती म्हणून माझा दस्त आधी नोंदवला, आईचा आठ दिवसांनी ठरला. कचेरीतल्या साहेबाने मला विचारलं, राजीखुशीने सही करताय ना? मी हसून ‘हा जी’ म्हटलं. फोटो दिला, अंगठा दिला. माहेर तुटू नये म्हणून केलं, असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती, भाऊबीजेला दार उघडताना दादाचा चेहरा कसा असेल त्याची. संध्याकाळी वहिनीने बांधणीची साडी दिली. आमच्यात बहिणीने सही केली की साडी मिळते. ती मी नेसलेसुद्धा, मॅचिंग ब्लाउज शिवून.

आठ दिवसांनी आईला घेऊन आम्ही पुन्हा त्याच कचेरीत. दादाने आदल्या रात्री तिला सगळं समजावलं होतं म्हणे. आई शांत होती, पदर डोक्यावर, हातात चष्म्याची डबी. मामा साक्षीदार म्हणून आले होते, कायद्याचे जाणकार ना! साहेबाने माझ्यासारखंच तिलाही विचारलं.

“बा, राजीखुशीथी सही करो छो ने?”

आईने चष्मा घातला, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि बडोद्यात जन्मलेल्या बाईच्या स्वच्छ गुजरातीत विचारलं, मी सही केल्यावर घर विकायचं झालं तर मला विचारावं लागेल का? साहेबाने मान हलवली. नाही, बा, मग नाही विचारावं लागणार.

“तो पछी राजीखुशी नथी,” आई म्हणाली आणि पेन त्याच्या टेबलावर ठेवलं.

दादा म्हणाला, आई, आपलं ठरलंय. मामा म्हणाले, औपचारिकता आहे गं. साहेबाने दोघांकडे पाहिलंही नाही. कागद बाजूला सरकवला आणि पुढचा नंबर पुकारला. त्या कचेरीत मला पहिल्यांदा एक शहाणा माणूस दिसला. बाहेर आल्यावर दादाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच तिला पढवलं होतं. तेवढी अक्कल आणि धाडस माझ्यात असतं तर मला आनंदच झाला असता. तो मामांना गाडीत घालून निघून गेला, आम्ही दोघी रिक्षात बसलो.

मी तिला म्हटलं, बरं केलंस. वकिलाच्या भाषेत सांगितलं की आता तुझा तिसरा हिस्सा शाबूत आहे, तुझ्याशिवाय तुझं घर विकता येणार नाही. शिकवायची सवय, दुसरं काय. तिने ऐकलं, आणि मग विचारलं, माझा हिस्सा दादालाच द्यावा लागतो, असा कायदा आहे का? मी म्हटलं, नाही, वारसांपैकी कोणालाही देता येतो. माझा मला तुलाही देता आला असता. हे वाक्य मी वर्गात सांगितल्यासारखं बोलून गेले आणि मग मला माझाच इतका संताप आला की मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

टेनामेंटच्या फाटकाशी उतरताना आईने माझ्या खांद्याचा आधार घेतला.

“मला इथून काढायला त्याला माझी सही लागेल,” ती म्हणाली. “तुला काढायला आता काहीच लागणार नाही.”